काविळीची माळ आणि स्वादुपिंडाचे ऑपरेशन



ऊस नोंदी, तोडणीचा कार्यक्रम आणि हप्त्याच्या तारखा यांखेरीज या पत्रिकेत काही छापले, की "हे कशाला?" म्हणून विचारणारे दोन-चारजण भेटतातच. या खेपेला ते जास्त भेटतील. पण हा लेख आम्हाला एका सभासदाच्या मुलाने लिहायला लावला आहे, आणि त्याला नाही म्हणणे आम्हाला जमले नाही.

जळकोट भागातले हे सभासद. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. वय साठीच्या आसपास, अंगाने धडधाकट. एकदा ऐन गळीत हंगामात त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले. दुखत काहीच नव्हते. अंगाला खाज मात्र सुटायची, इतकी की रात्री उठून खाजवत बसायचे. लघवी गडद पिवळी आणि संडास पांढुरका, मातकट. आम्ही भेटलो तेव्हा म्हणाले, "काय नाही हो, काविळच हाय. उतरंल." मग आपल्याकडे जे होते तेच झाले. एका गावी जाऊन काविळीची माळ घातली. ती डोक्यावरून गळ्यात आली, म्हणजे कावीळ उतरली असे सर्वांनी ठरवले. दुसऱ्या गावी चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळे झाले. तिसऱ्या ठिकाणी मनगटावर डाग दिला. पथ्य कडक, तेल बंद, तिखट बंद. असे दोन महिने गेले. वजन उतरत गेले ते पथ्यामुळेच असे घरच्यांना वाटले. शेवटी मुलाने ऐकले नाही, सोलापूरला नेऊन सोनोग्राफी केली. तिथून सी.टी. स्कॅन, तिथून मुंबई. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली आणि तिने शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढा दिला होता. डॉक्टर म्हणाले, आता गाठ काढता येणार नाही. पित्ताला वाट म्हणून नळी टाकली, खाज थांबली, रात्रीची झोप मिळाली. पुढचा हंगाम त्यांनी पाहिला नाही.

मुलगा आम्हाला म्हणाला, "आधी गेलो असतो तर वाचलेच असते असं डॉक्टर पण म्हणत नाहीत. पण विचारायला तरी जागा राहिली असती. तुम्ही ल्ह्या."

आता हे स्वादुपिंड म्हणजे काय, ते सांगतो. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवी पडलेली ही ग्रंथी. लांबी सुमारे वीतभर, वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. काम दोन प्रकारचे. एक, अन्न पचवणारा रस रोज लिटरभर किंवा त्याहून थोडा अधिक आतड्यात सोडायचा. दुसरे, रक्तातील साखरेवर ताबा ठेवणारे इन्सुलिन तयार करायचे. यकृताकडून येणारी पित्ताची नळी या ग्रंथीच्या डोक्यातून जाते आणि बहुतेक माणसांत दोघींचे तोंड एकच असते. दोन पाटांना मिळून एकच मोरी असावी तसे. मोरीपाशी दगड अडकला की दोन्ही पाट तुंबतात. डोक्याकडच्या गाठीने कावीळ होते ती अशी. पित्त आतड्यात न उतरल्यामुळे संडास पांढरा, रक्तात चढल्यामुळे डोळे पिवळे आणि अंगाला खाज.

माळेने कावीळ बरी होते असे लोक का मानतात, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्याकडची पुष्कळशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूची असते, आणि ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ घाला की न घाला. श्रेय माळेला जाते. अडथळ्याची कावीळ मात्र आपोआप ओसरत नाही, आणि माळवाल्याला दोन्हींतला फरक कळायचा काही मार्ग नाही. त्याला दोष देऊन तरी काय करायचे. तो बिचारा पैसेसुद्धा घेत नाही कित्येकदा.

या गाठीवरचे ऑपरेशन पोटाच्या शस्त्रक्रियांत फार अवघड समजले जाते. बर्लिनचे काउश यांनी १९०९ साली ते प्रथम दोन टप्प्यांत केले. पण नाव रूढ झाले ते न्यूयॉर्कचे अ‍ॅलन व्हिपल यांचे, त्यांच्या १९३५ च्या लेखामुळे. व्हिपल यांचा पहिला रुग्ण दगावला, कारण आतला टाका आतड्याच्या तातीचा होता आणि स्वादुपिंडाच्या रसाने तो टाकाच पचवून टाकला! पुढे त्यांनी रेशमाचा दोरा घेतला. ही गोष्ट वाचून आम्ही थक्क झालो. मांस पचवणारा रस तो, दोऱ्याची काय कथा. आजही या ऑपरेशनची खरी भीती तीच आहे. स्वादुपिंडाचे डोके, त्याला चिकटलेला आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडा एवढे काढायचे, आणि मग स्वादुपिंड, पित्तनळी व जठर असे तीन जोड आतड्याला पुन्हा द्यायचे. पाच-सहा तास, कधी जास्तही. तिन्हींत स्वादुपिंडाचा जोड सर्वांत नाजूक. तो झिरपला तर रस पोटात सांडतो आणि आपलेच अवयव खाऊ लागतो.

१९७० च्या सुमारास हे ऑपरेशन केलेल्या शंभरांपैकी वीस-पंचवीस माणसे दवाखान्यातच दगावत. ते सोडूनच द्यावे असे म्हणणारे नामवंत सर्जनही तेव्हा होते. मग अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन कॅमेरून यांनी १९९३ साली ओळीने १४५ ऑपरेशने एकही मृत्यू न होता केल्याचे प्रसिद्ध केले. तिथलीच २००२ सालची एक मोठी पाहणी आहे. ज्या दवाखान्यात असे ऑपरेशन वर्षाला जेमतेम एखादे होते तिथे शंभरात सोळा रुग्ण दगावले, आणि जिथे वर्षाला सोळाहून जास्त होतात तिथे चारांपेक्षा कमी. कारखान्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पॅनवर साखरेचा दाणा केव्हा धरला हे पुस्तक वाचून कळत नाही, वर्षानुवर्षे पॅनपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला कळते. सर्जनचे तसेच, आणि त्याच्याबरोबरच्या भूलतज्ज्ञाचे, नर्सचे व क्ष-किरणवाल्याचेही.

आपल्या राज्यात हे काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मोठ्या प्रमाणावर झाले आहे. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथील डॉ. शैलेश श्रीखंडे यांच्या पथकाने अशा पाचशे ऑपरेशनांचा आढावा प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा, की हे काम एका खास पथकाकडे सोपवले आणि कामाची घडी नव्याने बसवली, तेव्हा निकाल सुधारले. ऑपरेशननंतर केमोथेरपी द्यायची हेही आता ठरून गेले आहे. फ्रान्स आणि कॅनडातील २०१८ च्या चाचणीत चार औषधांचा एकत्र मारा सोसू शकणाऱ्या, निवडक धट्ट्याकट्ट्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ५४ महिने भरले; जुन्या एकाच औषधावर ते ३५ महिने होते. ज्यांची गाठ रक्तवाहिनीला नुसती टेकलेली आहे त्यांना आधी औषध देऊन मग ऑपरेशन करण्याचे प्रयत्नही होत आहेत. पण हे सगळे ज्यांचे ऑपरेशन होऊ शकते त्यांच्यासाठी, आणि असे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच निघतात. बाकीचे उशिरा येतात. हा रोग गरीब-श्रीमंत पाहत नाही. अभिनेत्री नर्गिस यांच्यावर न्यूयॉर्कला उपचार झाले, तरी ३ मे १९८१ रोजी त्या गेल्या. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने गेले.

त्याच नर्गिस यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आपल्या शेजारी बार्शीला आहे, हे कित्येक सभासदांना ठाऊक नाही. खेड्यापाड्यातील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे देशातले पहिले काम १९८७ साली तिथूनच सुरू झाले. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे त्यात होती. दोन तालुके तर आपल्याच जिल्ह्याचे! १९९९ पासून त्याच मंडळींनी, टाटा रुग्णालय व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जोडीने, आपल्या जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००९ साली जगभर गाजले. तो विषय वेगळा. पण संशोधन म्हणजे परदेशातले काहीतरी, असे आपल्या जिल्ह्याने तरी म्हणू नये.

आता दुसरा रोग, स्वादुपिंडाचा दाह. यात गाठ नसते, पण दुखणे असे की माणूस गुडघे पोटाशी घेऊन गडबडा लोळतो. कळ पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. कारणे मुख्यतः दोन, पित्ताशयातले खडे आणि दारू.

दारूचे इथे लिहावे की नाही यावर आमच्यात बोलणे झाले. उसापासून साखर होते, मळी उरते, मळीपासून मद्यार्क होतो. त्यातला काही पेट्रोलमध्ये जातो, काही बाटलीत. हे सर्वांना माहीत आहे, मग लिहायला संकोच कसला? बिलाचे पैसे हातात पडले की कोण कुठे बसतो, तेही सर्वांना माहीत आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या स्वादुपिंडात पुढे खडे होतात, ग्रंथी वाळत जाते, मधुमेह मागे लागतो. विडी-सिगारेट त्यात भर घालते. कर्करोगाचीही. साखरेविषयी विचाराल, तर साखर खाल्ल्याने हा कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. लठ्ठपणा आणि मधुमेह यांचा मात्र त्याच्याशी संबंध आहे. पन्नाशीनंतर घरात कुणाला नसताना एकाएकी मधुमेह निघाला आणि वजनही उतरू लागले, तर डॉक्टरांना ते दोन्ही सांगावे.

दाहावरच्या शस्त्रक्रियेत संशोधनाने उलटी दिशा दाखवली आहे. पूर्वी तीव्र दाहात ग्रंथीचा भाग सडला की पोट उघडून तो काढत. हॉलंडमध्ये ८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. आधी बारीक नळीने पू काढायचा, भागले नाही तरच छोट्या छेदातून पुढे जायचे, या पद्धतीत मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू शंभरात ४० झाले. थेट पोट उघडल्यावर ६९. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांचे नुसत्या नळीवर भागले. शक्य असेल तर सर्जन चारेक आठवडे थांबतात, म्हणजे सडलेला भाग चांगल्यापासून वेगळा होतो. वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात औत घालत नाहीत, त्यातलाच प्रकार. तेव्हा डॉक्टर "थांबू या" म्हणाले की "काहीच करीत नाहीत" म्हणून रुग्णाला उचलून नेऊ नये. थांबणे हाही इलाज असतो, मात्र तो दवाखान्यात, देखरेखीखाली.

जुन्या दाहात नळीतले खडे काढून, ग्रंथी उभी चिरून ती आतड्याला जोडतात. त्याने दुखणे पुष्कळांचे कमी होते. आपल्या हमरस्त्याच्या त्या टोकाला, हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी या संस्थेने हजाराहून अधिक रुग्णांचे असे खडे बाहेरूनच ध्वनिलहरींनी फोडून दाखवले आहेत. पण २०२० च्या हॉलंडमधल्याच चाचणीत, लवकर ऑपरेशन केलेल्यांचे दुखणे दुर्बिणीने उपचार केलेल्यांपेक्षा कमी राहिले. म्हणजे वाद मिटलेला नाही, आणि कोणत्या रुग्णाला काय, हे तपासूनच ठरते.

डोळे पिवळे, खाज आणि पांढरा संडास अशी तिन्ही असतील तर पथ्य खुशाल करा, माळही घाला, पण त्याच आठवड्यात रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. जाताना जुने सगळे कागद, फिल्मा, रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्यावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आपला उपचार योजनेत बसतो का हे भरती होण्याआधी त्याला विचारावे. मोठ्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर "तुमच्याकडे अशी वर्षाला किती होतात?" हे विचारायला भिडू नये. चांगला सर्जन रागावत नाही.

पित्ताशयातील खडे ऑपरेशनाविना विरघळतात का, असे दोघा सभासदांनी विचारले आहे. जागेअभावी त्याविषयी पुढील अंकी.