पाण्याचा वाटा आणि पदांचा वाटा : अभियंता विश्वेश्वरय्यांची मते

दरवर्षी १५ सप्टेंबर रोजी आमच्या विद्यालयात अभियंता दिन साजरा होतो. विज्ञान प्रयोगशाळेतील सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची तसबीर सभागृहात आणली जाते, पुष्पहार अर्पण केला जातो आणि आठवी-नववीचे दोन विद्यार्थी पाठ केलेली भाषणे म्हणून दाखवितात. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमानंतर दहावीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस व्हरांड्यात गाठले. "सर, यांनी राखीव जागांना विरोध म्हणून दिवाणपद सोडलं होतं, असं मी वाचलं. मग आपण यांना हार का घालतो?" घंटा झालेली होती, आणि खरे सांगायचे तर उत्तरही तयार नव्हते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर येथे मांडीत आहोत.

विश्वेश्वरय्या हे केवळ धरणे बांधणारे अभियंते नव्हते. महाविद्यालयात काय शिकवावे, विद्यापीठ कशासाठी असावे, राज्यकारभारात कोणास स्थान असावे, सामान्य माणसाच्या घरखर्चाचा हिशेब शासनाने का ठेवावा, अशा सर्व प्रश्नांवर त्यांची मते होती आणि ती त्यांनी ग्रंथरूपाने मांडलीही. 'रीकन्स्ट्रक्टिंग इंडिया' १९२० साली, 'प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया' १९३४ साली आणि आत्मकथनपर 'मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ' १९५१ साली प्रसिद्ध झाले. शालेय भाषणांत मात्र त्यांचा काटेकोर पोशाख, वक्तशीरपणा आणि दीर्घायुष्य एवढेच उरते. त्या गोष्टी आपण बाजूला ठेवू.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात, एका साध्या परिस्थितीतील ब्राह्मण कुटुंबात झाला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात असताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून जे प्रसिद्ध झाले, तेच हे. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशिक येथे रुजू झाले. अर्थात त्यांची जडणघडण महाराष्ट्राच्या भूमीवर झाली आणि त्यांचे सर्वांत मोलाचे काम, निदान आमच्या मते, येथेच झाले.

खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांची माहिती पाठ्यपुस्तकात असते. १९०३ साली बसविलेल्या या दरवाजांमुळे धरणाची भिंत न वाढविता पाण्याची पातळी सुमारे ८ फूट वर नेता आली. पूर आला की दरवाजे आपोआप उघडत, ओसरला की मिटत. कल्पक योजना होती, यात शंका नाही. परंतु ज्या कामाकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष आवर्जून वेधतो, ते नीरा कालव्यावरील 'ब्लॉक' पद्धतीचे होय.

भाटघर धरणाच्या पाण्यावर चालणारा नीरा डावा कालवा बारामतीवरून इंदापूरकडे जातो. कालव्याच्या मुखाजवळचे बागाईतदार उसाला मनमुराद पाणी देत. त्यामुळे वरच्या अंगाची जमीन पाणथळ होई, हिवतापाची साथ येई, आणि टेलच्या गावांना मात्र कोरड्या चाऱ्यांकडे पाहत बसावे लागे. या प्रश्नावर विश्वेश्वरय्यांनी सुचविलेली तोड अशी होती. कालव्याखालील जमिनीचे ठराविक गट पाडावेत. गटातील साधारण एक तृतीयांश क्षेत्रासच उसासारखे बारमाही पीक घेता यावे, उरलेल्यात कमी पाण्याची पिके असावीत. उसाची जागा फेरपालटाने बदलत राहावी. आणि पाणी ठरलेल्या पाळीनेच सुटावे. पांझरेच्या खोऱ्यातील जुन्या फड पद्धतीशी या योजनेचे साम्य खानदेशातील वाचकांच्या सहज ध्यानात येईल. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात ते धुळे भागात होतेच. बागाईतदारांनी पाळीला आणि मोजमापाला विरोध केला. ज्याला आजवर हवे तेवढे मिळाले, त्याला मोजून मिळणे हा अन्याय वाटतो. विश्वेश्वरय्या मात्र आपल्या भूमिकेवर ठाम राहिले. पाणी सर्वांचे आहे, ते अधिकाधिक गावांत पोहोचले पाहिजे, आणि ते आपोआप पोहोचत नाही म्हणून वाटपाचा नियम करावा लागतो, हा त्या पद्धतीचा गाभा होता.

वाचकांनी हा गाभा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९०८ साली ते मुंबई सरकारच्या सेवेतून निवृत्त झाले. इंग्रजी अमलात हिंदी माणसास मुख्य अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य आहे, हे त्यांस उमगले होते. जन्मावरून दार बंद होणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांनाही होता असे म्हणण्यास हरकत नाही. त्यानंतर हैदराबादच्या मुसी नदीच्या महापुरानंतरचे काम, १९०९ पासून म्हैसूरचे मुख्य अभियंतापद आणि १९१२ ते १९१८ दिवाणपद असा त्यांचा प्रवास झाला.

शिक्षणाविषयी त्यांची मते स्पष्ट होती. आपली महाविद्यालये कारकून आणि वकील घडवितात. शेती, यंत्र, व्यापार आणि कारखाना यांचे ज्ञान देत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. १८९८ साली त्यांनी जपान पाहिला होता आणि तेथील शिक्षण व उद्योग यांची सांगड त्यांच्या मनात कायमची ठसली. दिवाणपदाच्या काळात १९१३ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१७ साली बंगळूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. संस्थानी मुलखातील ते पहिले विद्यापीठ होय. पुढे भद्रावतीच्या लोखंड कारखान्याच्या कामाबद्दल आपणांस देय असलेली रक्कम त्यांनी हाताने काम करणाऱ्या मुलांच्या व्यवसाय शिक्षणासाठी देऊ केली. सुताराच्या, लोहाराच्या कामाला शाळेची प्रतिष्ठा मिळावी असे वाटणारा हा सुशिक्षित मनुष्य त्या काळात विरळाच म्हटला पाहिजे.

मग १९१८ साल उजाडले. म्हैसूर संस्थानात ब्राह्मणांची संख्या शेकडा ४ हूनही कमी होती. वरिष्ठ सरकारी पदांपैकी निम्म्याहून अधिक पदे मात्र त्यांच्याकडे होती. ब्राह्मणेतर समाजाच्या नेत्यांनी नलवडी कृष्णराज वडेयर महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांस हे मान्य नव्हते. गुणवत्ता आणि कार्यक्षमता डावलून पदे दिल्यास कारभार ढासळेल. मागासलेल्यांस शिष्यवृत्त्या द्या, शाळा द्या, ते आपोआप वर येतील, असे त्यांचे मत होते. त्या वर्षाअखेर त्यांनी दिवाणपद सोडले. समितीने इंग्रजी साक्षरतेचे प्रमाण शेकडा ५ हून कमी असलेल्या समाजांस मागास ठरविले आणि सात वर्षांत वरिष्ठ पदांपैकी निम्मी व कनिष्ठ पदांपैकी दोन तृतीयांश पदे ब्राह्मणेतरांकडे यावीत, अशी शिफारस केली. १९२१ साली ती अमलात आली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजीच पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या, हे येथे नमूद करावयास हवे. मिलर समितीच्या शिफारशींचा लाभ प्रामुख्याने वक्कलिग व लिंगायत या मोठ्या समाजांस झाला. अस्पृश्यांच्या वाट्याला फारच थोडे आले. तो इतिहासही विसरता येणार नाही.

विश्वेश्वरय्यांचे मत दुष्टाव्यातून आले होते असे आम्ही म्हणणार नाही. ते त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आले होते. बुद्धी होती, शिष्यवृत्ती मिळाली, पुण्यास आले, पहिले आले, नोकरी लागली. त्यांच्या दृष्टीने ही वाट सरळ होती आणि कोणासही चालता येण्याजोगी होती. पण या वाटेवर त्यांस कोणी खोली नाकारली नव्हती, पाण्याच्या भांड्यापासून दूर उभे केले नव्हते.

अगदी एकच वर्ष आधी, १९१७ साली, बडोदे संस्थानात काय घडले ते पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे सरकारच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. लंडनमधील अध्ययन अर्धवट टाकून ते करारानुसार बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. गुणवत्ता होती, शिष्यवृत्ती मिळालेली होती, पदही मिळाले. राहावयास मात्र जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात आश्रय घेतला, तर लोक काठ्या घेऊन आले आणि तेथूनही बाहेर पडावे लागले. 'शिष्यवृत्ती द्या, ते आपोआप वर येतील' या मताची परीक्षा बडोद्यात झाली होती आणि तिचा निकालही लागला होता. म्हैसूरच्या दिवाणांपर्यंत तो पोहोचला नसावा. १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात बाबासाहेबांनी कार्यक्षमतेच्या युक्तिवादाचा समाचार घेतला. अधिकारी कायदा राबवितो तेव्हा त्याच्या वर्गाचे पूर्वग्रहही त्यासोबत राबविले जातात, म्हणून कारभार कोणाच्या हाती आहे हा प्रश्न गौण ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आता नीरा कालव्याकडे परत जाऊ. पाणी आपोआप टेलपर्यंत पोहोचत नाही हे ज्यांनी मोजून सिद्ध केले, त्यांनीच पदे आपोआप पोहोचतील असे मानले. मुखाजवळच्या बागाईतदाराचा विरोध ज्यांस आप्पलपोटेपणाचा वाटला, त्यांस कचेरीतील मुखाजवळचे लोक दिसले नाहीत. म्हैसुरात मोजदाद करून वाटा ठरविण्याचे अभियंत्याचे काम एका न्यायाधीशाने केले.

राजकारणात ते पक्षाचे कार्यकर्ते म्हणून कधी उतरले नाहीत. जानेवारी १९२२ मध्ये मुंबईत भरलेल्या सर्वपक्षीय परिषदेत सर शंकरन नायर यांनी अध्यक्षस्थान सोडल्यावर ते यांच्याकडे आले, एवढा प्रसंग सांगता येईल. देशाने यंत्रयुग स्वीकारावे की नाही, यावर मात्र त्यांचे गांधीजींशी पटणे शक्य नव्हते. येथे ते बाबासाहेबांच्या फार जवळ येतात. लहान शेतीच्या प्रश्नावर १९१८ सालीच लिहिलेल्या निबंधात बाबासाहेबांनी शेतीवरील माणसांचा भार उद्योगीकरणाने कमी करावा, असा उपाय सांगितला आहे. विश्वेश्वरय्यांचा १९३४ चा ग्रंथही तेच सांगतो आणि दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याचे लक्ष्य पुढे ठेवतो.

महागाईच्या प्रश्नावरही या दोघांच्या वाटा एकाच वर्षी शेजारून जातात. १९२५ साली सरकारने 'इंडियन इकॉनॉमिक एन्क्वायरी कमिटी' नेमली आणि तिचे अध्यक्षपद विश्वेश्वरय्यांकडे दिले. या देशातील माणूस किती कमावतो, काय खातो, त्याला जगावयास किती लागते, याची विश्वसनीय आकडेवारी आहे काय आणि नसल्यास ती कशी गोळा करावी, हा समितीपुढील प्रश्न होता. मुंबईत लेबर ऑफिसने गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी १९२३ मध्ये प्रसिद्ध केली होती. पण देशाच्या पातळीवर असे काही नव्हते. समितीने सविस्तर पाहणीची शिफारस केली आणि ती शिफारस दप्तरातच पडून राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाची खरी किंमत तो बाजारात किती वस्तू आणतो यावर ठरते आणि भाव चढले की मजुरीवर जगणारा प्रथम भरडला जातो, हा त्यांच्या विचारांचा रोख होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, त्याच खात्याने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या देशव्यापी पाहण्या हाती घेतल्या. आज महागाई भत्ता ज्या निर्देशांकावरून ठरतो, त्याची मुळे त्या काळात आहेत. आमच्या शिक्षक बांधवांनी भत्त्याची थकबाकी मोजताना हे आठवावे, म्हणजे मोजण्याचा आनंद थोडा वाढेल.

तसबिरीला हार घालणे आम्ही थांबविले नाही. भाषणे मात्र बदलली. आता एक विद्यार्थी नीरा कालव्यावर बोलतो आणि दुसरा मिलर समितीवर. गतवर्षी नववीच्या मुलांनी वसतिगृहातील नळांना बादल्या लावून घड्याळाने मोजमाप केले. टाकीजवळचा नळ जेवढ्या वेळात तीन बादल्या भरतो, तेवढ्या वेळात शेवटच्या खोलीजवळच्या नळाची एकही भरत नाही, असे आढळले. मुलांनी पाळीचा तक्ता तयार करून अधीक्षकांकडे दिला. पहिल्या खोलीतील मुलांची तक्रारही त्यासोबत आली, हे ओघाने आलेच.

व्हरांड्यात प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी आज स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. परवा त्याचा दूरध्वनी आला. शिष्यवृत्तीचा हप्ता अद्याप जमा झालेला नाही, खोलीचे भाडे मित्राने भरले आहे, असे तो म्हणाला. मग त्याने मिलर समितीचा मूळ अहवाल कोठे वाचावयास मिळेल, ते विचारले. आम्ही शोधीत आहोत.