वडिलांची लूना

बालपणीच्या एखाद्या अपराधातून मनुष्यास आयुष्यभराचा छंद लाभावा, हे नवल खरे. परंतु माझ्या बाबतीत तसेच घडले.

१९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने ५० सीसीची, पायडल असलेली ‘लूना’ बाजारात आणली. काही वर्षांनी तशी एक गाडी बेळगावात आमच्या घरी आली. तिच्या इंजिनास वंगणाची निराळी सोय नव्हती. पेट्रोलातच ठराविक मापाने तेल मिसळावे लागे. हे काम वडिलांनी विश्वासाने माझ्यावर, बारा वर्षांच्या मुलावर, सोपविले होते.

एके शनिवारी तेलाच्या पैशांचे मी बर्फाचे गोळे खाल्ले व टाकीत नुसतेच पेट्रोल ओतले. दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपून वडील आजारी आत्याला भेटावयास खानापूरला निघाले. वाटेतच इंजिन जाम झाले. दिवेलागणीस ते गाडी ढकलीत, घामाघूम होऊन परतले. त्या रात्री रोझरीच्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटेना. अखेर रडत रडत मी सारे कबूल केले.

वडिलांनी हात उगारला नाही. सकाळी मला शेजारी बसवून त्यांनी इंजिन उघडले आणि पिस्टनवरील ओरखडे दाखविले. म्हणाले, “तेल नसले की धातू धातूला खातो. आता हे दुरुस्त करावयास तूच शीक.”

तेव्हा हाती घेतलेला पाना मी अद्याप खाली ठेवलेला नाही. वडील प्रभुचरणी गेले. परंतु जुन्या गाडीत तेलाचे माप ओतताना त्यांची क्षमा आजही आठवते. पालकहो, घरातही हे वंगण हवेच!