उपसून ठेवलेली वायर

पनवेलच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातून सकाळीच फोन आला. "दादा, टॅली उघडत नाहीये." गेलो तर प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी अक्षरांचं शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकच इंग्रजी चिठ्ठी: फाइली हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. आधी नेटवर्कची वायर काढली, मग मालकांना विचारलं, "काका, बॅकअप?" त्यांनी सर्व्हरच्या मागे बोट दाखवलं. हार्ड डिस्क वर्षभर तिथेच जोडलेली होती, तिचा निळा दिवा लुकलुकत होता. आतल्या फाइलींनाही तेच शेपूट.

रॅन्समवेअर म्हणजे खंडणीचं कुलूप. फाइली तुमच्याकडेच राहतात, किल्ली त्यांच्याकडे. हल्ली कुलूप लावण्याआधी डेटाची नक्कलही नेतात आणि ती उघड करण्याची धमकी देतात. घुसायला बिलाच्या नावाने आलेली ई-मेल पुरते, नाहीतर सोप्या पासवर्डवर उघडा ठेवलेला रिमोट डेस्कटॉप.

आमच्या भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना जून 2017 आठवत असेल. न्हावाशेवा बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल सायबर हल्ल्याने ठप्प झालं होतं. त्या हल्ल्याचं नाव नॉटपेट्या. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला आणि जगभर पसरला. ज्या भगदाडांतून तो पसरला त्यांवरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण एका मशीनमधून चोरलेले पासवर्ड वापरून तो पॅच केलेल्या मशीनमध्येही शिरत होता. चिठ्ठीत खंडणी मागितलेली होती, तरी पैसे भरून काही सुटणार नव्हतं. किल्लीची सोयच त्यात नव्हती. मर्स्कला दहा दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले.

कोणाला कुठल्या मशीनवर प्रवेश द्यायचा, याची नोंद ठेवणारे त्यांचे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. एक पडला तर दुसरा तयार, म्हणून सगळे सतत एकमेकांशी जुळवलेले. म्हणूनच सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. त्या एका नक्कलेवरून एवढी मोठी कंपनी पुन्हा उभी राहिली. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

काकांना मी पैसे भरू दिले नाहीत. भरूनही किल्ली येईलच असं नसतं. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सीएकडे मार्चअखेरपर्यंतचा डेटा होता. पुढचा सगळा हिशेब बिल्टीची पुस्तकं समोर ठेवून त्यांच्या सुनेने आणि दोन पोरांनी तीन आठवडे बसून भरला.

आता तिथे दोन हार्ड डिस्क आहेत. संध्याकाळी बॅकअप झाला की काका स्वतः वायर उपसतात, गुंडाळतात आणि कपाटात ठेवतात. शनिवारी एक डिस्क डब्याच्या पिशवीतून घरी जाते, दुसरी ऑफिसात येते. महिन्यातून एकदा मी जातो आणि कपाटातल्या डिस्कवरून एखादी जुनी बिल्टी उघडून दाखवतो. काका चष्मा लावून गाडी नंबर वाचतात, मगच चहा मागवतात.