तांबेरा आणि सातशे सव्वीस

कोरेगाव भीमाच्या पुलाखालून वाहणारे भीमेचे पाणी पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. सोयाबीनवरच्या तांबेरा या बुरशीजन्य रोगाचा खरा मुलूखही कृष्णाकाठचाच: सांगली, कोल्हापूर, सातारा आणि सीमेपलीकडचे बेळगाव-धारवाड. इकडे भीमाकाठी, शिरूर-दौंडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, या बुरशीला हवी तशी सततची ओल सहसा मिळत नाही. पण तिचे बीजाणू वाऱ्यावर दूरवर जातात, आणि ते शिवाराची हद्द बघत नाहीत.

पीक फुलोऱ्यात आले आणि आठवडाभर आभाळ गच्च राहिले की झाडाची खालची पाने उलटून पाहावीत. मागच्या बाजूला बारीक फोड दिसतात, आणि बोट फिरवले की तपकिरी भुकटी हाताला लागते. पान सहा-सात तास ओले राहिले, हवा थंड-दमट असली, की बीजाणू रुजतो. बहुतेक तांबेरे पानाच्या छिद्रांतून आत शिरतात. हा सरळ वरचा पापुद्रा भेदून घुसतो. आठ-दहा दिवसांत नवे बीजाणू उडायला तयार. मग पाने पिवळी पडून गळतात आणि शेंगा भरायच्या राहतात.

1994 मध्ये जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस-335 हा वाण आला आणि महाराष्ट्रात घरोघरी पोचला. त्याच वर्षी तांबेऱ्याची मोठी साथ आली. उत्पादन चांगले, उगवण चांगली, पण तांबेऱ्यापुढे ‘तीनशे पस्तीस’चे काही चालत नाही. मग हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकांच्या फवारण्या आल्या. भर पावसात शेतात शिरून त्या वेळेवर करणे किती अवघड, हे ज्याने पंप पाठीवर घेतला त्यालाच ठाऊक.

उपाय बियाण्यात शोधायचा तर रोगाच्या तोंडी वाण द्यावे लागतात. धारवाडच्या विद्यापीठाने त्यासाठी कृष्णाकाठचे उगार खुर्द वापरले. जेएस-335 चा ईसी-241778 या प्रतिकारक वाणाशी संकर करून त्यांनी डीएसबी-21 काढला. इकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचे संशोधन केंद्र याच कामाला लागले. फुले अग्रणी, फुले संगम आणि फुले किमया हे तिथलेच. फुले संगमचे शासकीय नाव केडीएस-726. शेतकरी दुकानात ‘सातशे सव्वीस’ म्हणूनच मागतात. तो तांबेऱ्याला मध्यम प्रतिकारक आहे. ‘मध्यम’ हा शब्द मला प्रामाणिक वाटतो. ‘रोगमुक्त’ असे पिशवीवर छापणाऱ्याचे बियाणे मी घेणार नाही.

कारण प्रतिकार जनुकातून येतो, आणि जनुकाची मर्यादा असते. सोयाबीनमध्ये आरपीपी-1 ते आरपीपी-7 अशी तांबेऱ्याविरुद्धच्या जनुकांची सात ठिकाणे सापडली आहेत. त्यांतले आरपीपी-3 ‘अंकुर’ या भारतीय वाणात आहे. अशा जनुकामुळे तयार होणारे प्रथिन पेशीत राखणदारासारखे बसते. बुरशीने सोडलेला ठरावीक पदार्थ ओळखला की आजूबाजूच्या पेशी स्वतःच मरतात. बुरशी जिवंत पेशीवरच जगते, म्हणून तिची कोंडी होते. पानावर लालसर डाग राहतो, भुकटी फारशी येत नाही. पण बुरशीने तो पदार्थ बदलला की राखणदार आंधळा. एकाच जनुकावर विसंबलेला वाण म्हणूनच फार काळ टिकत नाही. 2023 मध्ये या बुरशीचा जनुकसंच उलगडला, तेव्हा त्यातला सुमारे 93 टक्के भाग जागा बदलणाऱ्या डीएनए-तुकड्यांचा निघाला. असा शत्रू रूप बदलणारच. त्यामुळे पैदासकार आता दोन-तीन जनुके एका वाणात एकत्र आणण्याच्या मागे आहेत.

ब्राझीलला या रोगाने 2001 च्या सुमारास गाठले. तिथे हंगामाबाहेर काही आठवडे शेतात सोयाबीनचे एकही झाड ठेवायचे नाही, असा कायदाच आहे. आपल्याकडे कृष्णाकाठी उन्हाळ्यात बियाण्यासाठी सोयाबीन घेतात, म्हणजे बुरशीला बारमाही मुक्काम मिळू शकतो. प्रतिकारक वाण काढायचा आणि शेजारी रोगाला आसराही द्यायचा, हे काही पटत नाही.

2016 मध्ये एक वेगळी वाट सापडली. ब्रिटन, ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांना तांबेऱ्याला अडवणारे सीसीआरपीपी-1 हे जनुक मिळाले ते तुरीत. ते सोयाबीनमध्ये घातले, तर रोग अडला. अर्थात हे जनुक-परिवर्तित पीक झाले, आणि तसे सोयाबीन पेरायला भारतात परवानगी नाही. तूर मात्र आपल्याकडे सोयाबीनच्या ओळींमध्ये आंतरपीक म्हणून पूर्वीपासून उभी आहे.