नाव हिंदुस्थानचे, चव कोणाची?

हैदराबादेस जाण्याचा योग आम्हांस अधूनमधून येतो. बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांच्या समाधीपुढे नतमस्तक व्हावे, काचीगुड्यातील जुन्या स्नेह्यांकडे उतरावे, सुलतान बाजारातील मराठी मंडळींशी चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्या आणि परतावे, असा आमचा शिरस्ता. या खेपेस तो मोडला. स्नेह्यांची कन्या गच्चीबावलीकडे संगणकाच्या धंद्यात नोकरीस आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही फेणीच्या मुलखातले. आमच्या शहरात आता काय तयार होते, ते एकदा चाखून तरी पाहा." तिच्या आग्रहाखातर, तिच्या वडिलांसह, आम्ही दोन संध्याकाळी जुबिली हिल्स भागातील दोन मद्यशाळांत बसलो. काचेपलीकडे पोलादी पिंपे चकाकत होती. बिअर तेथेच तयार व्हावयाची आणि तेथेच प्यावयाची, असा हा प्रकार. अशा लहान भट्ट्यांसाठी तेलंगण सरकारने २०१५ साली नियम केले, आणि त्यानंतर त्या या शहरात रुजल्या.

आमच्यापुढे आलेल्या पेल्यांवर जे नाव होते, त्याने आमचे कुतूहल चाळवले. ‘इंडिया पेल एल’, म्हणजे हिंदुस्थानची फिक्या रंगाची एल. ज्या पेयास आपल्या देशाचे नाव आहे, ते आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी चाखले असेल काय? आमच्या माहितीत तरी कोणी नाही. मग हे नाव आले कोठून?

प्रथम चवीविषयी. दोन संध्याकाळी मिळून आम्ही चार पेले चाखले. एका बैठकीस दोन, आणि तेही लहान. त्या मुलीने घालून दिलेले नियम आम्हांस आवडले. पेला पुरता भरावयाचा नाही, कारण वरच्या रिकाम्या जागेत वास साठतो. बिअर बर्फासारखी गार नको; गारठ्याने जीभ बधिर होते आणि वास मरतो. आधी हुंगावे, मग लहान घोट घ्यावा, तो जिभेवर क्षणभर फिरू द्यावा आणि गिळल्यानंतर मागे काय उरते त्याकडे लक्ष द्यावे. दोन पेल्यांच्या मध्ये साधे पाणी आणि कोरड्या पोळीचा तुकडा. सौम्यापासून आरंभ करावा आणि कडवटाकडे जावे. उलट क्रम धरल्यास पुढचे सारे पाणचट लागते.

पहिला पेला कमी मद्यांशाचा. अंगाने हलका, पण कडूपणा स्पष्ट. दुसरा इंग्रजी वळणाचा. रंग तांबूस, वास भाजलेल्या पावाच्या कडेचा, आणि कडूपणात थोडा मातकटपणा व संत्र्याच्या सालीच्या मुरंब्याची आठवण. दुसऱ्या दिवशीचा तिसरा पेला पाहून आम्ही चमकलो. तो ताकाच्या निवळीसारखा धूसर होता आणि त्यातून पिकल्या आंब्याचा व पेरूचा वास येत होता. कडूपणा मात्र बेताचाच. चौथा अमेरिकन धाटणीचा. पेला नाकाशी नेताच कोणी शेजारी बसून पपनस सोलीत आहे असे वाटावे, आणि घोटामागून जिभेच्या मुळाशी स्वच्छ, ताठ कडूपणा उभा राहावा. या पेल्यासोबत बिर्याणी आणि मिरचीचे सालन मागविण्याची चूक आम्ही केली. कडूपणाने तिखटाचा दाह दुणावतो, हे ज्ञान आम्हांस डोळ्यांतील पाण्यासह प्राप्त झाले.

कडू चवीचे हे कौतुक मराठी वाचकास अगदीच परके वाटू नये. आपण पाडव्यास कडुनिंबाचा पाला खातो. त्याच दिवशी तेलुगू घरांत उगादीची पच्चडी होते. तीत गूळ, चिंच, कैरी यांच्याबरोबर निंबाचा फुलोराही असतो. वर्षाच्या पहिल्या घासात कडू असावेच, हे शहाणपण दोन्ही भाषांत आहे. कारल्याचा कडूपणा काढून टाकणारी सुगरण आणि तो राखून त्याची गोडी लावणारी सुगरण यांतील फरकही आपण जाणतो.

या पेयातील कडूपणा येतो तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांतून. ही वेल भांगेच्या कुळातली. आपल्याकडे हिमाचलातील लाहौल खोऱ्यात तिची थोडी लागवड होते. मोड आणून वाळविलेल्या जवाचा अर्क काढावयाचा, त्यात ही फुले उकळावयाची आणि थंड झाल्यावर यीस्ट घालून आंबवावयाचे, अशी ही क्रिया. फुले दीर्घकाळ उकळली की कडूपणा उतरतो, पण वास उडून जातो. म्हणून वासासाठी निराळी फुले शेवटी, कित्येकदा आंबवण झाल्यानंतर, घालतात. कडूपणा मोजण्याचे एक माप आहे. नेहमीच्या फिक्या लागर बिअरमध्ये ते साधारण १० ते २० भरते. या एलमध्ये ४० ते ७०. शिवाय हॉपमधील द्रव्ये कित्येक जंतूंना वाढू देत नाहीत, म्हणजे ती टिकाऊपणासही उपकारक ठरतात. या गुणातच नावाचे मूळ आहे.

लंडनच्या पूर्वेस बो येथे १७५२ च्या सुमारास हॉजसन कुटुंबाची भट्टी सुरू झाली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथून सुटत ती ब्लॅकवॉलची गोदी तेथून जवळ. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा व्यापार करण्याची मुभा होती, आणि हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर पिंपे देई. केप ऑफ गुड होपला वळसा, विषुववृत्ताचे दोनदा उल्लंघन, चार ते सहा महिन्यांचा प्रवास. त्या उष्णतेत आणि हेलकाव्यांत भरपूर हॉपची फिकी एल बिघडण्याऐवजी मुरून निघे. हिंदुस्थानासाठी कोणी प्रज्ञावंताने मुद्दाम हे पेय शोधून काढले, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नव्हे. अशी एल इंग्लंडात आधीपासून होती, आणि काळीभोर पोर्टर बिअरही याच जहाजांतून सुखरूप येत असे. पोर्टर प्यायचा तो गोरा शिपाई. फिकी एल साहेबांच्या टेबलावर जाई. पेल्यातही पायऱ्या होत्या.

पुढे हॉजसन मंडळींनी कप्तानांना डावलून सारा नफा स्वतःकडे ओढण्याचा प्रयत्न केला. तेव्हा १८२० नंतरच्या काळात कंपनीच्या एका संचालकाने बर्टन गावच्या ऑलसॉपला ही एल करून पाहण्यास सुचविले. तेथील कारागिराने पहिला नमुना चहाच्या किटलीत काढला, अशी आख्यायिका आहे. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश मोठा. त्याने कडूपणास जी धार आली ती लंडनला साधेना. आज हैदराबादचा भट्टीवाला पाणी गाळून त्यात जिप्सम मिसळतो, म्हणजे बर्टनची विहीर पुडीतून आणतो! १८३० च्या आसपास जाहिरातींतून ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव दिसू लागते. हिंदुस्थान तेथे आहे तो केवळ गिऱ्हाईकाचा पत्ता म्हणून. जव इंग्लंडचे, वेल इंग्लंडची, पिणाराही इंग्लंडचा. आपली फक्त उष्णता आणि आपले नाव.

कालांतराने ही एल मागे पडली आणि थंडगार लागरने जग व्यापले. तिचे पुनरुज्जीवन झाले अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीने १९७५ साली, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभास २०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, ‘लिबर्टी एल’ काढली आणि तीत कॅस्केड नावाचे अमेरिकन हॉप वापरले. आमच्या चौथ्या पेल्यातील पपनसाचे कूळ तेथवर जाते. साम्राज्याच्या पेयास एका मुक्त झालेल्या वसाहतीने आपली चव दिली, आणि मग ते पेय पुण्यात, बंगळुरात, गोव्यात व हैदराबादेत परत आले. यात मौज आहे, आणि धडाही आहे.

तो धडा सांगण्यापूर्वी याच शहराची दुसरी आठवण सांगणे प्राप्त आहे. निजामाच्या राज्यात अबकारी हा तिजोरीचा मोठा आधार होता. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. झाड पडले की निजामाचा महसूल पडला, असा सरळ हिशेब होता. पुढे याच हैदराबादेतून ज्याचा कारभार चाले त्या आंध्र प्रदेशात १९९२ साली नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंट्याच्या बायकांनी गावठी दारूविरुद्ध उठाव केला. त्याचे पर्यवसान १९९५ च्या संपूर्ण दारूबंदीत झाले आणि १९९७ साली ती बंदी उठली. घरातील पुरुषाच्या व्यसनाने ज्यांच्या चुली विझल्या, त्या बायकांपुढे पपनसाच्या वासाचे कौतुक सांगण्याची आमची छाती नाही. जे पीत नाहीत त्यांचे काहीएक चुकत नाही, हेही आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो.

पण आमचा प्रश्न निराळा आहे. जुबिली हिल्समधील पेल्यापुढे बसून आपली तरुण मंडळी वास, रंग, अंग, शेवट यांवर जितक्या बारकाईने बोलतात, तितके कोणी ताडीवर बोलते काय? तेलंगणात ताडाची कल्लू निराळी, शिंदीची निराळी. पहाटेची गोड, दुपारची आंबट. गौड समाजाच्या पिढ्या त्या झाडांवर चढत आल्या. तिची चव मात्र सुशिक्षितांच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. ज्या वस्तूची पारख करणारा कोणी उरत नाही, तिच्यात भेसळ करणे सोपे होते. २०२५ च्या जुलै महिन्यात कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन माणसे दगावली. उंची पेल्यातील जव कोठला हे आपण विचारतो. गरिबाच्या भांड्यात गुंगीचे औषध आहे की नाही, हे विचारावयास मात्र मृत्यू घडावे लागतात. त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट एवढी की, तेलंगण सरकारने २०२३ साली हुसेनसागराकाठी नेकलेस रोडवर नीरेचे उपाहारगृह उघडले. आम्ही तेथेही गेलो. नीरा थंड, निर्मळ आणि गोड होती. तिच्या मागे ताडगोळ्याची पुसट चव रेंगाळत होती. नव्या नियमांनी चाखल्यामुळेच ती आम्हांस कळली, हे आम्ही मान्य करतो.

आपल्या किनाऱ्यावर तरी निराळे काय आहे? माडावर दिवसातून तीनदा चढणारा रेंदेर दुर्मिळ होत चालला आहे; त्याच्या मुलाने ती कोयती हाती धरावी असे त्यालाही वाटत नाही. त्याच्या सुरेने पाव फुगत होता, सान्नां हलकी होत होती. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोव्याने तिला वारशाचे पेय ठरविले. कागदावरचा मान मिळाला. पण पहिल्या धारेचा उर्राक आणि पुढची फेणी, मातीच्या भांड्यातली आणि तांब्याच्या भांड्यातली, या गावची आणि त्या गावची, यांतील भेद सांगणारी जीभ आपल्यात किती जणांना आहे? आपण फेणीचा वास येताच नाक मुरडतो किंवा डोळे मिटून ती घशाखाली लोटतो. दोन्ही रीतींत आस्वाद नाही.

आस्वाद म्हणजे चोचले नव्हेत. आस्वाद हा एक प्रकारचा पहारा आहे. जो हळू पितो, थोडे पितो आणि काय पितो हे जाणतो, त्यास फसविणे कठीण आणि त्याने वाहवत जाणेही कठीण. सरकारास आमचे सांगणे असे की, तयार केल्याची तारीख आणि शुद्धतेची तपासणी हा नियम चकचकीत काचेमागच्या पिंपास जसा, तसाच ताडीच्या दुकानास आणि काजूच्या भट्टीसही लागू करावा. आणि चढणाऱ्याच्या जिवाची किंमत त्याच्या मजुरीत दिसावी. अबकारीच्या महसुलावर पोसलेली तिजोरी आणि निजामाची तिजोरी यांत काही अंतर असेल, तर ते येथे दिसले पाहिजे.

निरोप घेताना त्या मुलीने विचारले, "काका, चारांतला कोणता आवडला?" आम्ही दुसऱ्याचे नाव घेतले, मुरंब्याच्या वासाला आम्ही भुललो होतो. मग तिला म्हणालो, "पुढच्या चैत्रात तुम्ही सारी आमच्याकडे या. काजूची बोंडे तेव्हा भरात असतात. पेले लहानच आणू, आणि नियम तुझेच राहतील."