चरबी जाते कुठे, आणि कुणाची किती?

झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं, की पन्नासेक किलोमीटरवर मोठ नावाचं गाव येतं. समजा, तिथल्या दोन मैत्रिणींनी ठरवलं, की रोज पहाटे मैदानाला बरोबरीनं फेऱ्या मारायच्या. वय सारखं, फेऱ्या तेवढ्याच, घरचं जेवणही जवळपास सारखं. तीन-चार महिन्यांनी एकीच्या अंगावरची चरबी चांगली उतरली आणि दुसरीची जेमतेम, असं अगदी होऊ शकतं. मग सगळे दुसरीलाच म्हणणार, “तू नक्की फेऱ्या चुकवल्यास!” आणि तिनं तर खरंच एकही फेरी चुकवलेली नसते.

असं का होतं ते बघूच. पण त्याआधी मला सांगा, पळून चरबी कमी होते म्हणजे ती जाते कुठे? घामातून? शौचावाटे? की तिचे स्नायू होतात?

यातलं काहीच नाही. बहुतेक सगळी चरबी आपण नाकातोंडातून बाहेर सोडतो! १० किलो चरबी शरीरात पूर्ण जळली, तर तिच्यातला सुमारे ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जातो आणि १.६ किलो भाग पाणी होऊन. तो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून हवेत जातो. हवेत गेलेला हा वायू झाडं घेतात. म्हणजे तुमच्या पोटावरची थोडी चरबी उद्या एखाद्या कडुनिंबाच्या पानात असेल. मला तर ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी नवीच वाटते.

चालणं, पळणं, पोहणं, सायकल, दोरीवरच्या उड्या अशा बराच वेळ चालणाऱ्या, श्वास वाढवणाऱ्या व्यायामाला एरोबिक व्यायाम म्हणतात. तो सुरू झाला की रक्तात ‘चरबी सोडा’ असा निरोप देणारं ॲड्रेनॅलिन वाढतं. चरबीच्या पेशींवर हा निरोप घेणारी प्रथिनं असतात. निरोप पोचला की पेशीतली दुसरी प्रथिनं साठवलेली चरबी फोडतात, तिचे तुकडे रक्तातून स्नायूंकडे जातात आणि तिथे प्राणवायूच्या मदतीनं जळतात. यात किती प्रथिनं राबतात बघा! यातल्या प्रत्येक प्रथिनाची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते, पुरणपोळीची कृती आजीच्या वहीत असते तशी. आपल्या या वहीत सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. कुठल्याही दोन माणसांत साधारण हजारातलं एखादं अक्षर वेगळं निघतं. बहुतेक ठिकाणी त्यानं काही बिघडत नाही. काही ठिकाणी मात्र प्रथिन जरा जास्त बनतं किंवा कमी, किंवा त्याचं काम जरा मंद चालतं.

पण फरक जनुकांमुळेच पडतो, हे ओळखायचं कसं? झाशीचंच उदाहरण घ्या. हॉकीचे जादूगार ध्यानचंद झाशीचे. त्यांचे धाकटे भाऊ रूपसिंग १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांच्याबरोबर सुवर्णपदक जिंकले. ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमार यांनी १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल केला. मग हे रक्तातलं, की घरात जन्मल्यापासून हॉकीच बघितली म्हणून? सांगता येत नाही. एका घरातली माणसं जनुकंही वाटून घेतात आणि अंगणही.

कॅनडातल्या क्लोद बुशार या वैज्ञानिकांनी यावर सुरेख युक्ती वापरली: एकसारखी जुळी भावंडं! त्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी. बुशार यांनी तरुण जुळ्या भावांच्या ७ जोड्या घेतल्या. रोज दोन वेळा सायकल, दर दहा दिवसांत एक दिवस सुट्टी, असं ९३ दिवस. खाणं मोजून, रोज तेवढंच. सरासरी वजन ५ किलोनं उतरलं आणि उतरली ती सगळी चरबीच होती. पण कुणी १ किलोनंच कमी झाला, तर कुणी ८ किलोनं. व्यायाम तोच! आणि खरी मजा पुढे आहे. एकाच जोडीतल्या दोघा भावांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते, मोठा फरक होता तो एका जोडीत आणि दुसऱ्या जोडीत.

बुशार तेवढ्यावर थांबले नाहीत. अमेरिका आणि कॅनडातल्या कितीतरी कुटुंबांना, आईवडील आणि मुलं अशा सगळ्यांना, त्यांच्या गटानं २० आठवडे सायकल चालवायला लावली. या अभ्यासाचं नाव हेरिटेज. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते त्यांनी आधी आणि नंतर मोजलं. सरासरी ४०० मिलिलिटरची वाढ झाली. काहींची वाढ जवळजवळ शून्य, काहींची लिटरभर. या फरकातला निम्म्याच्या आसपास वाटा वारशाचा निघाला. आणि ज्यांचा एक आकडा हलला नाही, त्यांच्यातल्या अनेकांचा दुसरा एखादा हलला होता. मोठच्या त्या दुसऱ्या मैत्रिणीला हे कुणीतरी सांगायला हवं. वजनकाट्याला तिचं मजबूत झालेलं हृदय दिसत नाही.

जनुकात लिहिलंय म्हणजे संपलं, असंही नाही बरं का. एफटीओ नावाचा एक जनुक आहे. त्याचा एक प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेल्या माणसांचं वजन सरासरी ३ किलोनं जास्त असतं, हे २००७ मध्ये कळलं. २०११ मध्ये २ लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा हालचाल करणाऱ्या माणसांत या प्रकाराचा जोर सुमारे पाव हिश्श्यानं कमी दिसला. अक्षर तेच, पण पळणाऱ्याच्या शरीरात त्याचं थोडं कमी चालतं.

आता पुण्याला चला. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर संशोधन करतात. त्यांचे एक इंग्लिश मित्र, डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. मग दोघांनी डेक्सा नावाच्या क्ष-किरण यंत्रानं अंगातली चरबी मोजली. युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! २००४ मध्ये दोघांनी स्वतःचेच फोटो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले. युडकिन मॅरेथॉन पळायचे. याज्ञिकांचा व्यायाम काय, तर रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठायला पळणं, असं त्यांनी स्वतःच हसत हसत लिहिलं. जनुकांचा वाटा किती ते अजून ठरायचं आहे, हेही प्रामाणिकपणे लिहिलं.

कारण याज्ञिकांना आणखी एक गोष्ट दिसली होती. १९९३ पासून त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर आयांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं इतकी बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणजे शाळेच्या मैदानावर पहिलं पाऊल पडण्याआधीच, आईच्या पोटात असताना तिला काय खायला मिळालं आणि तिनं किती कष्ट केले, याचाही चरबी-स्नायूंच्या हिशोबात हात असतो. त्या गावांतली ती बाळं आता मोठी झाली आहेत, काहींना स्वतःची बाळं झाली आहेत, आणि केईएमची माणसं आता त्या नातवंडांचीही मोजमापं घेत आहेत.