क्लिकचा लिलाव आणि कमिशन एजंटाचा हिशेब

आमच्या नगरच्या कापड बाजारात (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे) मोक्याच्या जागेचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. रस्त्यावरच्या गाळ्याला एक भाडे आणि आतल्या बोळातल्या गाळ्याला दुसरे. गिऱ्हाईक प्रथम ज्याच्या पायरीवर चढते, त्याची बोहनी आधी होते. आता हीच मोक्याची जागा इंटरनेटवर विकली जाते, आणि तीही महिन्याच्या भाड्याने नव्हे तर लिलावाने. आपली तरुण मुले या लिलावात घरचे पैसे घेऊन उतरू लागली आहेत. म्हणून हा लिलाव चालतो कसा आणि त्यात कमिशन एजंटाचे स्थान काय, हे प्रस्तुत लेखात पाहू.

धंद्याचे स्वरूप

कोणी गूगलवर 'पैठणी साडी' असे लिहून शोधले की उत्तरांच्या वर किंवा खाली काही जाहिराती दिसतात. जाहिरात नुसती दिसली तर जाहिरातदाराला सहसा काही द्यावे लागत नाही. गिऱ्हाइकाने तिच्यावर बोट ठेवले, म्हणजे क्लिक केले, तरच पैसे कापले जातात. याला क्लिकमागे पैसे देण्याची पद्धत म्हणतात.

अॅफिलिएट म्हणजे आपल्या भाषेत कमिशनवरचा दलाल. माल त्याचा नसतो, बिल त्याचे नसते. तो गिऱ्हाईक आणून देतो आणि विक्री झाली की ठरलेले कमिशन घेतो. अॅमेझॉन कंपनीने १९९६ साली ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. सुरतच्या कापड बाजारात दलाल पिढ्यान्पिढ्या असेच काम करतात. फरक एवढाच की सुरतचा दलाल दुकानाचे भाडे आपल्या खिशातून भरत नाही. जाहिरात विकत घेणारा अॅफिलिएट मात्र एकाच वेळी दलालही असतो आणि भाडेकरूही. भाडे आधी जाते, दलाली नंतर येते. सगळी मेख येथेच आहे.

लिलाव कसा होतो?

नेप्ती उपबाजारात कांद्याचा लिलाव आपण पाहिला असेल. ज्याची बोली सर्वांत मोठी त्याचा माल, आणि जेवढी बोली तेवढाच भाव. इंटरनेटवरील जाहिरातींचा लिलावही आरंभी असाच होता. अमेरिकेत १९९८ साली 'गोटू' या कंपनीने शोधाच्या पानावरील जागा बोलीने विकण्यास सुरुवात केली. जो क्लिकमागे अधिक पैसे देई तो वर. हीच कंपनी पुढे 'ओव्हर्चर' झाली आणि २००३ साली याहूने ती विकत घेतली.

गूगलने आपली जाहिरात योजना ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तीत क्लिकच्या लिलावाची पद्धत आणली. मात्र नियमांत दोन बदल केले. पहिला असा की क्रम केवळ बोलीवर ठरत नाही, जाहिरातीचा दर्जाही मोजला जातो. लोक तिच्यावर क्लिक करण्याचा संभव किती, शोधलेल्या शब्दांशी ती किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारे पान गिऱ्हाइकाच्या किती उपयोगाचे आहे, हे त्यात पाहतात. दुसरा बदल असा की जिंकणाऱ्याला आपली पूर्ण बोली द्यावी लागत नाही. खालच्यापेक्षा वर राहण्यास जेवढे लागेल, साधारण तेवढेच तो देतो. या विचाराचे मूळ विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाच्या १९६१ च्या लेखात सापडते. त्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

समजण्यासाठी सोपे उदाहरण घेऊ. प्रत्यक्षात गणित याहून गुंतागुंतीचे असते, पण तत्त्व हेच. तीन जाहिरातदार आहेत. पहिल्याची बोली १० रुपये, दर्जा ४, गुणाकार ४०. दुसऱ्याची बोली ६ रुपये, दर्जा ८, गुणाकार ४८. तिसऱ्याची बोली ५ रुपये, दर्जा ६, गुणाकार ३०. म्हणजे ६ रुपये बोलणारा वर बसला आणि १० रुपये बोलणारा खाली. आता भाव पाहा. दुसऱ्याला ४० च्या पुढे राहायचे आहे. ४० भागिले ८, म्हणजे क्लिकमागे सुमारे ५ रुपये. पहिल्याला ३० च्या पुढे राहायचे आहे. ३० भागिले ४, म्हणजे सुमारे साडेसात रुपये. वरचा पाच देतो आणि खालचा साडेसात! हा लिलाव दिवसातून एकदा होत नाही. कोणी काही शोधले की प्रत्येक वेळी, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, नव्याने होतो.

घरचा एक अनुभव

माझा भाचा बी.कॉम. झाल्यावर माझ्याच दुकानात बसत होता. त्याने साड्या विकणाऱ्या एका कंपनीचे अॅफिलिएट काम घेतले. भांडवल म्हणून माझ्या बहिणीने भिशीतून उचललेले पैसे दिले. दिवाळीच्या महिन्यात तो रोज मोबाईल दाखवी, "मामू, आज आपण सर्वांत वर आहोत." महिनाअखेर म्हणाला, "मामू, साठ ऑर्डरी, बारा हजार कमिशन!"

मी म्हणालो, "बेटा, जमा सांगितलीस, आता नावे सांग." मग वही घेऊन बसलो. अडीच हजारांची साडी, ८ टक्क्यांनी कमिशन २०० रुपये. क्लिक ३,०००, प्रत्येकी ६ रुपये, म्हणजे १८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,२४०. एकूण खर्च २१,२४०. साठपैकी पंधरा साड्या परत गेल्या; परत गेलेल्या मालावर कमिशन नाही. उरल्या पंचेचाळीस, कमिशन ९,०००. तोटा १२,२४० रुपये. शिवाय जाहिरातीचे पैसे कार्डातून लगेच गेले होते आणि कमिशन परतीची मुदत संपल्यावर, दोन महिन्यांनी हाती आले. भिशीचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला भरावाच लागत होता.

त्याची चूक कोणती? त्याने बोली लावली ती शेजाऱ्याकडे पाहून, आपल्या कमाईकडे पाहून नव्हे. शंभर क्लिकमागे दोन ऑर्डरी, त्यांतून परती वजा जाता दीड. म्हणजे ३०० रुपये. एका क्लिकची किंमत ३ रुपये. जीएसटीचा परतावा त्याला मिळत नव्हता, म्हणून ३ भागिले १.१८, म्हणजे साधारण अडीच रुपये. अडीच रुपयांच्या वरची प्रत्येक बोली तोट्याचीच होती.

मालकाशी बरोबरी होत नाही

याच लिलावात साडीचा खरा विक्रेताही उभा असतो. त्याचा नफा २५ टक्के धरला तर त्याच साडीवर त्याला ६२५ रुपये सुटतात. परतीचा खर्च बाजूला ठेवला तर तेवढ्याच विक्रीवर तो क्लिकमागे नऊ रुपयांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय गिऱ्हाईक एकदा आले की पुढच्या ईदला, लग्नसराईला त्याच्याकडेच येते. दलालाला त्या पुढच्या खरेदीचे बहुधा काही मिळत नाही. म्हणून केवळ बोली वाढवून मालकाशी झुंजणे म्हणजे तांगा घेऊन रेल्वेशी शर्यत लावणे होय.

नियमही पाहिले पाहिजेत. पूर्वी अनेक अॅफिलिएट जाहिरातीतून गिऱ्हाईक सरळ कंपनीच्या पानावर पाठवीत आणि एकाच कंपनीच्या चार-चार जाहिराती दिसत. जानेवारी २००५ मध्ये गूगलने नियम केला की एका शोधाला एका संकेतस्थळाची एकच जाहिरात दाखवली जाईल. तेव्हापासून दलाल आणि मालक एकाच जागेसाठी आमनेसामने आले. केवळ पुढे ढकलण्यासाठी बनवलेले पोकळ पानही गूगलला चालत नाही. अॅमेझॉनसारख्या कंपन्यांच्या करारात तर त्यांच्या नावावर बोली लावण्यास आणि शोध-जाहिरातीतून गिऱ्हाईक थेट त्यांच्याकडे पाठवण्यास अॅफिलिएटला मनाई आहे. करार न वाचता पैसे लावणाऱ्याचे कमिशन रोखले गेले तर दाद मागण्यास जागा राहत नाही.

दुसऱ्याच्या नावावर बोली लावावी काय, हा प्रश्न न्यायालयातही गेला. अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले की व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून वापरणे हा त्या चिन्हाचा 'वापर' आहे; मात्र गिऱ्हाइकाची फसगत होत नसेल तर तेवढ्याने उल्लंघन होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मेकमायट्रिपच्या प्रकरणातही खंडपीठाने हीच दिशा ठेवली. थोडक्यात, शब्दावर बोली लावणे एक, आणि दुसऱ्याच्या पाटीखाली आपले दुकान मांडणे दुसरे.

मग मार्ग कोणता?

भाच्याने काम सोडले नाही, रीत बदलली. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात येवले आहे. खरी हातमागाची पैठणी कशी ओळखावी, हे कापडवाल्याच्या घरात लहानपणापासून कळते. हातमागाच्या पैठणीचा काठ-पदर उलट्या बाजूनेही तितकाच साफ दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे धागे लोंबतात. ही माहिती फोटोंसह त्याने स्वतःच्या पानावर मांडली आणि खाली स्पष्ट लिहिले की येथून खरेदी झाल्यास मला कमिशन मिळते. विक्रेत्याशी असलेला असा संबंध उघड करावा, असे केंद्र सरकारच्या २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

'साडी', 'पैठणी' असे मोठे शब्द त्याने सोडले, कारण तेथे गर्दी फार. नेमके काय हवे ते सांगणारे लांब शोध घेतले. 'फुकट', 'फोटो', 'ब्लाऊज डिझाइन' हे शब्द वर्ज्य यादीत टाकले. असे शोधणारा पाहायला येतो, घ्यायला नाही. बोलीची कमाल मर्यादा अडीच रुपये ठेवली. पुढील एका महिन्याचा हिशेब असा: क्लिक ४००, सरासरी दर २ रुपये, जीएसटीसह खर्च ९४४. ऑर्डरी १४, परत ३, कमिशन २,२००. शिल्लक १,२५६ रुपये. रक्कम लहान, पण जमेच्या बाजूला.

या धंद्यात उतरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रोजचे अंदाजपत्रक ५०० रुपये लिहिले तरी गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते. महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पट असते. म्हणजे हिशेब महिन्याचा धरावा. आणि प्रतिस्पर्ध्याचे पैसे जाळण्यासाठी त्याच्या जाहिरातीवर क्लिक करत बसू नये. गूगलची यंत्रणा असे खोटे क्लिक वेगळे काढते. न काढले तरी शेजाऱ्याच्या दुकानात खोटे गिऱ्हाईक पाठवणे ही व्यापाऱ्याची रीत नव्हे.

कांद्याच्या लिलावात मुरलेला व्यापारी बोलीला तोंड उघडण्याआधी वाहतूक, सड आणि पुढच्या पेठेचा भाव मनात वजा करतो. इंटरनेटच्या लिलावातही तसेच करावे लागते. सर्वांत वर कोण बसला हे मोबाईल दाखवतो. घरात काय उरले हे वहीच सांगते. मुलांच्या हाती पैसे देण्यापूर्वी त्यांना ती वही लिहायला अवश्य शिकवा.